जावास्क्रिप्टमधील आरक्षित शब्द आणि चलांचे नामकरण

कोणत्याही संगणकभाषेत लिहिलेल्या आज्ञावलीत दोन प्रकारचे शब्द एकत्र नांदत असतात. काही शब्द भाषेचे असतात. त्यांचा अर्थ भाषेच्या कर्त्याने ठरविलेला असतो आणि तो कोणालाही बदलता येत नाही. उरलेले शब्द आज्ञावली लिहिणाराचे असतात. त्यांचा अर्थ तो स्वतः ठरवितो आणि त्या त्या आज्ञावलीपुरताच तो खरा असतो. पहिल्या प्रकारच्या शब्दांना आरक्षित शब्द म्हणतात. दुसऱ्या प्रकारात चलांची, फलनांची व तत्सम इतर गोष्टींची नावे येतात. या दोहोंमधील सीमारेषा वरवर पाहता केवळ सोयीची बाब वाटते. पाठ्यपुस्तकांतूनही आरक्षित शब्दांची एक यादी छापून ‘हे शब्द चलांना नाव म्हणून वापरू नयेत’ एवढी सूचना दिली, की विषय संपतो. तथापि ही यादी कशी बनली, ती वेळोवेळी का बदलली आणि तिच्यात एखादा नवा शब्द घालणे इतके अवघड का होऊन बसले, याचा विचार केला असता असे दिसून येते, की ही यादी म्हणजे भाषेने आपल्या भविष्याशी केलेला एक करार असतो. ज्या भाषेतील मजकूर जगभर पसरलेला आहे आणि परत बोलावून दुरुस्त करता येत नाही, तिला हा करार एकतर्फी मोडता येत नाही. जावास्क्रिप्ट ही अशी भाषा होय. प्रस्तुत लेखात तिच्याच उदाहरणाने हा प्रश्न मांडला आहे. या भाषेतील शब्द मुळात रोमन लिपीत लिहिले जातात. येथे ते उच्चारानुसार नागरीत, अवतरणचिन्हांत दिले आहेत.

१. आरक्षणाची आवश्यकता

शब्द राखून ठेवल्यावाचून संगणकभाषा चालतच नाही, असे नाही. १९५७ साली आयबीएमने प्रसृत केलेल्या फोर्ट्रान भाषेत आरक्षित शब्द नव्हते. शिवाय शब्दांमधील मोकळ्या जागेलाही त्या भाषेत अर्थ नव्हता. त्यामुळे ‘डू १० आय = १,१०’ हे पुनरावृत्तीचे विधान होई; परंतु स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले, तर ‘डू१०आय’ या नावाच्या चलाला १.१० ही किंमत देणारे अगदी वेगळे विधान तयार होई, आणि त्यात व्याकरणाची कोणतीही चूक नसे. १९६० च्या अल्गोल भाषेच्या कर्त्यांनी निराळा मार्ग पत्करला. त्यांनी भाषेचे शब्द ठळक टंकात छापले आणि ती साधी अक्षरे नसून स्वतंत्र चिन्हे आहेत असे मानले. त्यामुळे आज्ञावलीकाराला सर्व शब्द मोकळे राहिले. मात्र यंत्राला मजकूर देताना भाषेचे शब्द वेगळे दाखविण्यासाठी ते अवतरणचिन्हांत घालण्यासारख्या युक्त्या कराव्या लागल्या. त्याच दशकात निघालेल्या पीएल-वन भाषेने संदर्भावरून अर्थ ठरविण्याचे धोरण स्वीकारले. त्या भाषेत ‘इफ’, ‘देन’, ‘एल्स’ ही चलांचीही नावे असू शकत, आणि केवळ याच शब्दांनी बनलेले निर्दोष विधान लिहिता येई. ते वाचणाऱ्या मनुष्याची मात्र त्रेधा उडे. याच्या दुसऱ्या टोकाला कोबोल ही भाषा होती. तिच्या आरक्षित शब्दांची संख्या शेकड्यांत जाते, आणि एवढी मोठी यादी कोणीही पाठ करू शकत नाही.

या चार भाषांच्या अनुभवावरून आरक्षणाचा हेतू स्पष्ट होतो. वाक्याच्या आरंभी ‘व्हाइल’ हा शब्द दिसताच पुढे अट येणार हे यंत्राला आणि वाचकाला एकाच क्षणी कळावे, त्यासाठी तो शब्द दुसऱ्या कोणाचे नाव असता कामा नये. म्हणजे राखून ठेवलेला प्रत्येक शब्द वाचन सुकर करतो, आणि त्याच वेळी लिहिणाराच्या शब्दसंपत्तीतून एक शब्द कमी करतो.

२. दोन याद्या आणि त्यांचे भवितव्य

जावास्क्रिप्टची पहिली घडण ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत केली. नेटस्केप व सन मायक्रोसिस्टिम्स यांनी त्याच वर्षी ४ डिसेंबर रोजी ती जाहीर केली. एक्मा या संस्थेने तिचे पहिले मानक जून १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. या मानकात १६ शब्द प्रत्यक्ष वापरातील म्हणून नोंदविलेले आहेत. ‘व्हार’, ‘इफ’, ‘फॉर’, ‘फंक्शन’, ‘रिटर्न’ हे त्यांतील परिचित शब्द. त्यांच्या जोडीला आणखी १६ शब्द ‘भविष्यासाठी आरक्षित’ म्हणून वेगळे ठेवलेले आहेत. या दुसऱ्या गटाला मानकाने त्या वेळी कोणताही अर्थ दिलेला नव्हता. पुढे अर्थ देण्याची वेळ आली तर ती जागा रिकामी असावी, एवढाच उद्देश होता.

या १६ शब्दांचे पुढे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. ‘केस’, ‘कॅच’, ‘डीफॉल्ट’, ‘डू’, ‘फायनली’, ‘स्विच’, ‘थ्रो’ व ‘ट्राय’ हे आठ शब्द डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत वापरात आले. ‘डीबगर’ हा शब्द डिसेंबर २००९ च्या पाचव्या आवृत्तीत वापरात आला. ‘क्लास’, ‘कॉन्स्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘एक्स्टेंड्स’, ‘इम्पोर्ट’ व ‘सुपर’ या सहा शब्दांना जून २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे अठरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, अर्थ प्राप्त झाला. उरला एक ‘इनम’. तो १९९७ पासून जून २०२५ च्या सोळाव्या आवृत्तीपर्यंत राखीवच आहे. त्याचा कोणालाच उपयोग नाही, आणि तो नाव म्हणून वापरण्याची मुभाही नाही. १६ पैकी १५ शब्द सार्थकी लागले, तेव्हा ही यादी करणारांची दृष्टी अचूक होती असे म्हणावयास हरकत नाही. अर्थात यांतील काही रचना, उदाहरणार्थ ‘स्विच’ व ‘डू’, १९९७ सालीच नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये अवतरल्या होत्या, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

दुसऱ्या यादीची कथा याच्या अगदी उलट आहे. १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत भविष्यासाठी आरक्षित शब्दांची संख्या ३१ झाली. त्यांपैकी आठ जुन्या यादीतील शिल्लक होते आणि २३ नवे होते. हे तेवीसच्या तेवीस शब्द जावा भाषेतील आहेत: ‘इंट’, ‘फ्लोट’, ‘डबल’, ‘लाँग’, ‘शॉर्ट’, ‘बूलियन’, ‘फायनल’, ‘नेटिव्ह’, ‘पब्लिक’, ‘प्रायव्हेट’, ‘सिंक्रोनाइज्ड’ इत्यादी. ‘गोटू’ हा तर जावानेही केवळ राखून ठेवलेला, कधीही न वापरलेला शब्द. तोही या यादीत आला. जावास्क्रिप्ट पुढेमागे जावासारखी होईल, ही अपेक्षा या यादीतून व्यक्त होते. त्या दिशेने चौथ्या आवृत्तीचे दीर्घकाळ प्रयत्नही झाले, परंतु २००८ साली ते सोडून देण्यात आले. २००९ च्या पाचव्या आवृत्तीने तेवीसपैकी १६ शब्द पूर्णपणे मोकळे केले आणि उरलेल्या सातांवर केवळ कठोर रीतीपुरते बंधन ठेवले. या सातांपैकी आजवर एकट्या ‘स्टॅटिक’ शब्दाला भाषेत काम मिळाले आहे.

‘प्रायव्हेट’ शब्दाची गत विशेष लक्षणीय आहे. वस्तूचे खाजगी घटक दर्शविण्याची सोय २०२२ च्या आवृत्तीत झाली, तेव्हा इतकी वर्षे राखून ठेवलेला हा शब्द न वापरता नावाच्या आधी एक चौकटीसारखे ‘हॅश’ चिन्ह लावण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. या चिन्हामुळे खाजगी नावे साध्या नावांपासून मुळातच वेगळी राहतात आणि त्यांची टक्कर होऊ शकत नाही. ज्या गरजेसाठी शब्द राखला, ती गरज शेवटी चिन्हाने भागविली. दोन याद्यांची तुलना केली असता एवढे निश्चितपणे दिसते, की भाषेच्या स्वतःच्या वाढीचा अंदाज घेऊन केलेले आरक्षण फळाला आले, आणि शेजारच्या भाषेकडून घाऊक उचललेले आरक्षण बहुतांशी वाया गेले.

३. आरक्षणाचे दुष्परिणाम

शब्द वाया गेला तरी त्याची किंमत मात्र द्यावी लागली. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत आरक्षित शब्द चलाचे नाव म्हणून तर चालत नसेच, पण वस्तूच्या गुणधर्माचे नाव म्हणूनही टिंबापुढे लिहिता येत नसे. एचटीएमएल या जालपृष्ठांच्या भाषेत मात्र ‘क्लास’ व ‘फॉर’ या नावांची लक्षणे आधीपासूनच होती. जावास्क्रिप्टमधून त्यांना हात घालावयाचा तर वेगळी नावे शोधणे भाग होते. म्हणून १९९८ च्या डॉम मानकात ‘क्लास’चे ‘क्लासनेम’ झाले व ‘फॉर’चे ‘एचटीएमएलफॉर’ झाले. पुढे शैलीच्या ‘फ्लोट’चे ‘सीएसएसफ्लोट’ झाले.

२००९ च्या पाचव्या आवृत्तीने गुणधर्माच्या नावांवरील बंधन काढून टाकले. टिंबापुढे येणारे पद हे नावच असणार, हे व्याकरणावरून उघड असल्यामुळे तेथे संदिग्धतेला वाव नाही. म्हणजे मूळचे बंधन अनावश्यकच होते. ‘फ्लोट’ हा शब्दही त्याच वर्षी मुक्त झाला. परंतु जी नावे एकदा रूढ झाली, ती कायम राहिली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या रिअ‍ॅक्ट या आज्ञावलीसंचातही ‘क्लासनेम’ हाच शब्द लिहावा लागतो, आणि ज्या विद्यार्थ्याने हा इतिहास वाचलेला नाही, त्याला हे नाव निष्कारण लांबविलेले वाटते. चलांच्या बाबतीत बंधन अद्याप चालू असल्याने ‘क्लास’ऐवजी पहिले अक्षर बदलून ‘क्लास’ असाच उच्चार होणारे दुसरे रोमन नाव लिहिण्याची खोड आज्ञावलीकारांना जडली आहे. कानाला दोन्ही सारखीच लागतात. यंत्राला मात्र ती भिन्न दिसतात.

४. मागून आलेले शब्द

ज्या शब्दांचा १९९७ किंवा १९९९ साली कोणाच्या मनातही विचार नव्हता, अशा शब्दांची पुढे गरज पडली, तेव्हा खरा पेच उभा राहिला. इतर भाषांत अशा वेळी नव्या आवृत्तीत शब्द राखून घेतला जातो. जावा भाषेने २००४ साली ‘इनम’ हा शब्द घेतला, तेव्हा अनेक जुन्या आज्ञावलींत तो चलाचे नाव म्हणून वापरलेला होता. त्या नव्या आवृत्तीप्रमाणे दुरुस्त करून घ्याव्या लागल्या. परंतु जावाची आज्ञावली कंपायलरमधून गेल्यानंतरच लोकांच्या हाती जाते. लेखकाला दुरुस्तीची संधी मिळते, आणि आधी तयार झालेले रूप जसेच्या तसे चालू राहते. जावास्क्रिप्टमध्ये मूळ मजकूरच वाचकाच्या ब्राउझरकडे जातो आणि तेथे त्याच क्षणी त्याचा अर्थ लावला जातो. एखादे पृष्ठ १९९८ साली लिहिले गेले असेल, त्याचा लेखक हयात नसेल, ते ज्या संस्थेचे होते ती बंद पडली असेल. तरीही आजच्या ब्राउझरला ते उघडून दाखवावे लागते. अशा पृष्ठावर ‘लेट’ नावाचे एखादे चल असेल आणि तो शब्द सरसकट आरक्षित केला, तर ती संपूर्ण आज्ञावली बंद पडेल, आणि दुरुस्ती करण्यास कोणीही उरलेले नसेल.

या अडचणीतून दोन मार्ग काढण्यात आले. पहिला मार्ग कठोर रीतीचा. २००९ च्या आवृत्तीने अशी सोय केली, की आज्ञावलीच्या किंवा फलनाच्या आरंभी ‘यूज स्ट्रिक्ट’ हे शब्द अवतरणचिन्हांत लिहिले असता तेथून पुढे अधिक कडक नियम लागू व्हावेत. हे शब्द अवतरणचिन्हांत असण्यामागे युक्ती आहे: जुन्या ब्राउझरला ती एक निरुपद्रवी अक्षरमाला वाटते आणि तो पुढे जातो. या रीतीत ‘लेट’, ‘यील्ड’, ‘स्टॅटिक’, ‘इंटरफेस’ आदी नऊ जादा शब्द राखीव झाले. ज्याने स्वेच्छेने करार मान्य केला, त्याच्यापुरतेच हे बंधन. पुढे २०१५ मध्ये आलेल्या मॉड्यूलांना व वर्गांना ही रीत आपोआप लागू करण्यात आली, कारण त्यापूर्वीचा कोणताही मजकूर त्या रूपात असणे शक्य नव्हते.

दुसरा मार्ग संदर्भाचा, म्हणजे पीएल-वनच्या जुन्या धोरणाचाच मर्यादित अवलंब होय. शिथिल रीतीत ‘लेट’ हे आजही चलाचे नाव असू शकते; ‘व्हार लेट = १’ हे विधान निर्दोष आहे. मात्र विधानाच्या आरंभी ‘लेट’ येऊन त्यापुढे दुसरे नाव आले, तर ते नवे चल जाहीर करणारे विधान समजले जाते, कारण दोन नावे अशी लागोपाठ येण्याला पूर्वी काही अर्थच नव्हता. जेथे पूर्वी अर्थ होता अशी स्थळे दुर्मीळ आहेत. उदाहरणार्थ, विधानाच्या आरंभी ‘लेट’ व त्याला लागून चौकोनी कंस आला, तर पूर्वी तो ‘लेट’ नावाच्या अ‍ॅरेतील घटकाचा उल्लेख होई. आता ती नव्या चलांची घोषणा ठरते. एवढी लहान तडजोड पत्करून भाषेने ‘लेट’ मिळविला. ‘लेट’ने स्वतःला ‘लेट’ हे नाव देता येत नाही, हा त्यातील एक गमतीदार नियम. ‘अवेट’ हा शब्द मॉड्यूलांत व असमकालिक फलनांतच राखीव आहे. ‘असिंक’, ‘ऑफ’, ‘गेट’, ‘सेट’, ‘फ्रॉम’ हे तर आरक्षित यादीत कधी आलेच नाहीत. ठरावीक जागी उभे राहिले म्हणजे ते भाषेचे होतात, एरवी ते सर्वांचे असतात.

५. आरक्षित नसलेले, पण व्यापलेले शब्द

आरक्षित शब्द नाव म्हणून वापरला तर यंत्र तत्काळ तक्रार करते. म्हणून तो धोका उघड्यावरचा आहे. खरा धोका ज्या शब्दांवर यादीत बंदी नाही, परंतु ज्यांच्या जागा आधीच व्यापलेल्या आहेत, अशा शब्दांकडून संभवतो.

ब्राउझरमध्ये सर्वांत बाहेरच्या पातळीवर ‘व्हार’ने जाहीर केलेले चल हे ‘विंडो’ या वस्तूचा गुणधर्म बनते. या वस्तूवर ‘नेम’ व ‘स्टेटस’ हे गुणधर्म आधीपासून आहेत, आणि त्यांची किंमत नेहमी अक्षरमालाच असते. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने त्या पातळीवर ‘स्टेटस’ नावाचे चल घेऊन त्यास ‘फॉल्स’, म्हणजे असत्य, ही किंमत दिली. विधान बिनतक्रार स्वीकारले जाते. परंतु साठविली जाते ती ‘फॉल्स’ या शब्दाची अक्षरमाला. रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाला अटीमध्ये सत्य समजली जाते. परिणामी असत्य म्हणून ठेवलेली किंमत सत्य ठरते आणि आज्ञावली उलट्या शाखेत शिरते. ‘टॉप’ या नावाची तऱ्हा आणखी वेगळी: ‘व्हार’ने जाहीर करून त्यास किंमत दिली, तर ती शांतपणे दुर्लक्षिली जाते, आणि ‘लेट’ने जाहीर केले तर चूक दाखविली जाते. हीच नावे एखाद्या फलनाच्या आत वा मॉड्यूलमध्ये घेतली, तर काहीही बिघडत नाही. तेव्हा दोष नावात नसून नाव व जागा यांच्या संयोगात आहे.

‘अनडिफाइन्ड’ हा शब्दही आरक्षित नाही, हे अनेकांना खरे वाटत नाही. ‘नल’, ‘ट्रू’ व ‘फॉल्स’ हे आरक्षित आहेत. ‘अनडिफाइन्ड’ हे मात्र बाह्य पातळीवरील एका गुणधर्माचे नाव आहे. २००९ पूर्वीच्या नियमांप्रमाणे त्याला दुसरी किंमत देता येत असे. त्यानंतर तो बदलता येत नाही, तथापि फलनाच्या आत त्या नावाचे स्वतंत्र चल आजही घेता येते.

व्यापलेल्या शब्दांचा प्रश्न भाषेच्या कर्त्यांनाही चुकलेला नाही. एकात एक असलेले अ‍ॅरे सपाट करण्याची क्रिया भाषेत आणावयाचे ठरले, तेव्हा तिला ‘फ्लॅटन’ हे स्वाभाविक नाव योजले होते. परंतु मूटूल्स या जुन्या आज्ञावलीसंचाने त्याच नावाची क्रिया स्वतः तयार करून अ‍ॅरेच्या मूळ नमुन्यावर बसविली होती, आणि तेथील क्रियांची गणना करून त्या तो दुसऱ्या वस्तूवर उतरवून घेत असे. भाषेची स्वतःची क्रिया अशा गणनेत येत नाही. त्यामुळे नवे नाव येताच काही जुनी पृष्ठे मोडू लागली. २०१८ च्या मार्च महिन्यात ही गोष्ट गाजली, आणि अखेर २०१९ च्या मानकात ‘फ्लॅट’ हे नाव देण्यात आले. याच आज्ञावलीसंचामुळे ‘कंटेन्स’ हे योजलेले नाव सोडून ‘इन्क्लूड्स’ स्वीकारण्याची पाळी त्यापूर्वी आलेली होती. म्हणजे यादीत नसलेला शब्दही पुरेशा लोकांनी वापरला, तर व्यवहारतः आरक्षित होतो. आणि या वेळी आरक्षण लोकांनी भाषेविरुद्ध केलेले असते.

६. नागरी लिपीतील नावे

चलाच्या नावात कोणती अक्षरे चालतात, हा प्रश्न मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष जिव्हाळ्याचा आहे. १९९७ च्या मानकाप्रमाणे केवळ रोमन अक्षरे, अंक, अधोरेखा व डॉलरचे चिन्ह एवढ्यांनाच मुभा होती. १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून युनिकोडमधील इतर लिप्यांनाही प्रवेश मिळाला. तेव्हापासून ‘गुण’, ‘बेरीज’, ‘सरासरी’ ही नागरीत लिहिलेली नावे नियमाने शुद्ध आहेत. नियम असा, की नावाचा आरंभ अक्षराने व्हावा. मात्रा, अनुस्वार, हलन्ताचे चिन्ह व अंक नंतर यावेत. म्हणून ‘गुण१’ हे नाव चालते, मात्र ‘१गुण’ चालत नाही. येथे एक विसंगती आहे: नागरी अंक नावात चालतात, पण संख्या लिहिताना चालत नाहीत, तेथे रोमन लिपीबरोबर येणारे अंकच लागतात.

सर्व आरक्षित शब्द आणि भाषेने पुरविलेली सर्व नावे रोमन लिपीत असल्यामुळे नागरी नावाची त्यांच्याशी टक्कर होण्याचा संभव नाही. ‘स्थिती’ या नावाला ‘स्टेटस’ची बाधा होत नाही. परंतु या निर्भयतेबरोबर दुसरी एक जोखीम येते. मराठीत ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ या दोन रूपांत अर्थाचा भेद आहे. पहिले रूप गुरूचे, दुसरे स्वयंपाक्याचे. यांतील दुसरे रूप युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येते: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने; ‘र’ व त्याखालील नुक्ता यांच्या जोडीने; किंवा ‘र’, हलन्त व त्यापुढे एक अदृश्य संधिचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही रूपे सारखी दिसतात. पैकी पहिली दोन युनिकोडच्या नियमाने समतुल्यच आहेत. तथापि जावास्क्रिप्ट नावांची तुलना करताना समतुल्यता पाहत नाही; संकेतांची मालिका हुबेहूब तीच असेल, तरच ते नाव एक समजते. पायथन भाषा याच्या उलट नावांचे आधी प्रमाणीकरण करून मग तुलना करते. शिवाय १९९९ च्या नियमाने अदृश्य चिन्हे मजकुरातून काढून टाकली जात. २००९ पासून ती नावाचा भाग बनली. भारतीय व अन्य काही लिप्यांत या चिन्हांनी शब्दाचे रूप बदलते, म्हणून हा बदल योग्यच होता. परंतु त्यामुळे दोन भिन्न कळफलकांवर टंकित केलेले एकच दिसणारे नाव दोन भिन्न चले ठरू शकतात.

ऱ्हस्वदीर्घाची गोष्टही अशीच. ‘दिन’ हे चल जाहीर करून पुढे अनवधानाने ‘दीन’ला किंमत दिली, तर शिथिल रीतीत भाषा ‘दीन’ नावाचे नवे बाह्य चल मुकाट्याने निर्माण करते, आणि ‘दिन’ची किंमत जुनीच राहते. कठोर रीतीत मात्र तेथेच चूक दाखविली जाते. शुद्धलेखनाचा आग्रह धरणारांना यंत्राचा असा पाठिंबा क्वचितच मिळत असेल.

रोमन नावांतील काही संकेत नागरीत उतरत नाहीत, याचीही जाणीव ठेवावयास हवी. जावास्क्रिप्टमध्ये मोठ्या व लहान लिपीतील अक्षरे भिन्न मानली जातात, आणि त्या भेदावर वर्गांची नावे मोठ्या अक्षराने सुरू करण्याचा व जोडशब्दांतील पुढचा शब्द मोठ्या अक्षराने दाखविण्याचा परिपाठ उभा आहे. नागरीत हा भेद नाही. त्याची उणीव काही अंशी समास भरून काढतो. ‘प्रवेशदिनांक’ किंवा ‘गुणसरासरी’ हे शब्द मुळातच जोडलेले आहेत. अनेकवचनाचा संकेतही जपून वापरावा लागतो. इंग्रजीत एका वस्तूला एकवचनी व त्यांच्या अ‍ॅरेला अनेकवचनी नाव देतात. मराठीत ‘वही’ व ‘वह्या’ हा भेद उपलब्ध आहे, पण अकारान्त पुल्लिंगी नामांचे अनेकवचन एकवचनासारखेच असते. एक ‘गुण’ आणि अनेक ‘गुण’ यांत रूपभेद नाही. तेथे ‘गुणयादी’ असे स्पष्ट नाव घेणे श्रेयस्कर.

७. नामकरणाचा विवेक

येथवरचे विवेचन काय वर्ज्य आहे यासंबंधीचे झाले. वर्ज्य शब्द टाळले म्हणजे नाव योग्य झाले, असे मात्र नव्हे. ‘अ’, ‘माहिती’, ‘तात्पुरते’, ‘किंमत२’ ही नावे भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहेत; त्यांनी वाचकाला काहीही सांगितलेले नसते. नावाची लांबी त्याच्या कार्यक्षेत्राच्या प्रमाणात असावी, हा स्थूल नियम उपयुक्त आहे. दोन ओळींच्या पुनरावृत्तीत एकाक्षरी मोजचल शोभून दिसते. जे चल शंभर ओळींनंतर पुन्हा भेटणार, त्याने आपली ओळख स्वतः करून द्यावयास हवी. सत्यासत्य किंमत धारण करणारे नाव प्रश्नासारखे वाचता यावे. परिमाण असलेल्या राशीच्या नावात परिमाण यावे. ‘अवधी’पेक्षा ‘अवधीसेकंद’ अधिक प्रामाणिक आहे.

नियम कितीही सूक्ष्म केले तरी मनुष्याचा वापर त्यांना वळण लावतोच, याचे उत्तम उदाहरण डॉलरचे चिन्ह होय. आरंभीच्या मानकांत हे चिन्ह केवळ यंत्राने निर्माण केलेल्या आज्ञावलींसाठी असावे, असे नमूद केलेले होते. २००६ साली जेक्वेरी या आज्ञावलीसंचाने तेच एक चिन्ह आपले नाव म्हणून घेतले, आणि पुढे असंख्य पृष्ठांवर ते मनुष्यांनीच हातांनी लिहिले.

नावे कोणासाठी असतात, याचे निर्णायक उत्तर एका नित्याच्या प्रक्रियेत मिळते. मोठी आज्ञावली जालावर ठेवण्यापूर्वी आकार कमी करण्यासाठी दुसऱ्या एका आज्ञावलीतून काढली जाते. ती सर्व स्थानिक चलांची नावे पुसून त्यांच्या जागी एकेक, दोनदोन अक्षरे घालते. अर्थ तसूभरही बदलत नाही. ‘फंक्शन’, ‘रिटर्न’, ‘लेट’ हे शब्द मात्र तिला बदलता येत नाहीत. यंत्राला आरक्षित शब्दांवाचून चालत नाही. चलांच्या अर्थपूर्ण नावांशी त्याला कर्तव्य नसते. ती नावे पुढे केव्हातरी तो मजकूर वाचणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या मनुष्यासाठी असतात, आणि तो मनुष्य पुष्कळदा काही महिन्यांनंतरचा स्वतः लेखकच असतो. भाषेच्या कर्त्यांनी आपल्या शब्दांच्या निवडीत जे दुर्लक्ष केले, त्याचे परिणाम पंचवीस वर्षांनंतरही ‘क्लासनेम’सारख्या नावांतून दिसत आहेत. आज्ञावलीकाराने ठेवलेल्या नावाचे क्षेत्र लहान असते. परंतु त्याच्या जबाबदारीचे स्वरूप तेच आहे.